काटा तपासायचा कशानं? डिबगरच्या चाचण्या आणि कंपायलरची निवड



बाहेर फलकावर विषय वाचून आत येताना दोघा-तिघांनी मला थांबवलं. "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले. हे कंपायलर-डिबगर तुमच्या वाटेला कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवली. संगणकावर माझी मजल मराठी टंकनाच्या पुढे फारशी गेलेली नाही. पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या इमारतीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. विरारहून रोज मुंबईला नोकरीला जाणारा, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. चेहरा उतरलेला. म्हणाला, "सर, मी ऑफिसात खोटा अहवाल दिलाय. मुद्दाम नाही दिला, पण खोटा आहे. आणि तो पुढे ग्राहकाकडे गेलाय. उद्या सांगू की गप्प बसू?"

मी म्हटलं, आधी बस, चहा घे, आणि खोटं काय ते सांग. त्या रात्री मला निम्मंच कळलं. उरलेलं समजून घ्यायला पुढचे तीन रविवार गेले. इथे संगणकाची मुलं बसली आहेत, माझं काही चुकलं तर त्यांनी बेलाशक हात वर करावा.

सुरुवात मुळापासून करू. कंपायलर म्हणजे भाषांतरकार. माणूस सी, सी प्लस प्लस अशा भाषेत प्रोग्रॅम लिहितो. कंपायलर त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो. या भाषांतरात एक गोष्ट हरवते. तुम्ही एका खणाला 'एकूण' असं नाव दिलं होतं, बाराव्या ओळीत त्यात ५ ठेवले होते. यंत्राला ना नावाची गरज, ना ओळीची. त्याला फक्त कुठल्या पत्त्यावर काय ठेवायचं तेवढं कळतं. आता प्रोग्रॅम चुकीचं उत्तर देतो. का देतो हे शोधायला जे साधन वापरतात तो डिबगर. चालता प्रोग्रॅम तो बाराव्या ओळीवर थांबवतो आणि विचारलं तर सांगतो, 'एकूण' मध्ये आत्ता ५ आहेत.

पण यंत्राला नाव माहीत नाही, मग डिबगरला कसं कळलं? तर कंपायलरनं सांगितलं म्हणून. भाषांतर करताना कंपायलरला आपण एक खूण देतो. त्या खुणांना फ्लॅग म्हणतात. या फ्लॅगचं नाव 'वजा जी'. तो दिला की कंपायलर भाषांतरासोबत एक टिपण जोडतो: अमुक नावाचा खण अमुक ठिकाणी आहे, अमुक सूचना मूळच्या अमुक ओळीतून आली. या टिपणाच्या ठरलेल्या नमुन्याला ड्वॉर्फ म्हणतात. त्याची दुसरी आवृत्ती १९९३ची, पाचवी २०१७ची. म्हणजे डिबगरचं बरंचसं ज्ञान प्रत्यक्ष नव्हे. नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर ते शब्दप्रमाण आहे, दुसऱ्याच्या सांगण्यावरून झालेलं ज्ञान. आणि शब्दप्रमाणाला अट असते की सांगणारा आप्त हवा. त्याला वस्तुस्थिती ठाऊक हवी आणि ती जशीच्या तशी सांगायची इच्छा हवी.

आता डिबगर हासुद्धा माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅमच. त्यातही चुका असणार. ज्याच्या जोरावर आपण दुसऱ्याच्या चुका धरतो, त्याच्या चुका कोण धरणार? म्हणून डिबगरबरोबर एक चाचणीसंच असतो. जीडीबी हा डिबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिला; त्यांचाच जीसीसी हा कंपायलर पुढच्या वर्षी, १९८७ला आला. जीडीबीच्या चाचण्या डेजाग्नू नावाच्या चौकटीत चालतात. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला सिग्नस या कंपनीत ती तयार झाली, आणि तिच्या पोटात एक्सपेक्ट नावाचं साधन आहे. एक्सपेक्ट म्हणजे अपेक्षा धरणं, आणि ते तेवढंच करतं. चाचणी म्हणजे एक संवाद असतो. एक छोटा प्रोग्रॅम घ्यायचा, तो कंपाइल करायचा, डिबगरला सांगायचं, या फंक्शनवर थांब, 'एकूण' दाखव. डिबगर जी अक्षरं छापेल ती अपेक्षित अक्षरांशी जुळली तर 'पास', नाहीतर 'फेल'. असे हजारो संवाद असतात.

इथे माझ्यासारख्याचा कान टवकारला. कारण परीक्षा डिबगरची आहे, पण परीक्षेच्या खोलीत तो एकटा नाही. तो छोटा प्रोग्रॅम कुणीतरी कंपाइल केला आहे. टिपण त्या कंपायलरनं लिहिलं आहे. निकाल फेल आला तर नापास कोण? टिपण चुकीचं लिहिणारा, की बरोबर टिपण चुकीचं वाचणारा? पिएर द्युएम या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकानं १९०६च्या आपल्या ग्रंथात हाच मुद्दा प्रयोगांबद्दल मांडला आहे. प्रयोगात एकटं गृहीतक कधी तपासलं जात नाही, त्याच्याबरोबर उपकरणं आणि उपकरणांमागचे सिद्धान्त असे सगळेच तपासले जातात.

आता त्या मुलाचं. त्याच्या कंपनीनं जीडीबीमध्ये स्वतःची काही भर घातली होती. ग्राहक क्लँग नावाचा दुसरा कंपायलर वापरतो. क्लँग २००७ साली सर्वांसाठी खुला झाला. ग्राहकानं विचारलं, तुमचा डिबगर क्लँगबरोबर नीट चालतो का? हे काम या मुलाकडे आलं. त्यानं डिबगर बांधताना सेटिंगमध्ये लिहिलं: कंपायलर क्लँग. डिबगर बांधला. चाचण्या लावल्या. सकाळी बघतो तर जवळपास सगळं हिरवं. अहवाल लिहिला, क्लँगसह चाचण्या उत्तीर्ण.

चूक कुठे झाली, ओळखा बरं. (एक श्रोता: डिबगर क्लँगनं बांधला, चाचण्या नाही.) बरोबर! मला हे कळायला एक अख्खा रविवार लागला होता. इथे दोन कंपायलर आहेत. एक, ज्यानं डिबगर स्वतः बांधला. दुसरा, ज्यानं चाचणीतले छोटे प्रोग्रॅम बांधले. पहिला बदलल्यानं दुसरा बदलत नाही. चाचणीसंचाला वेगळं काही सांगितलं नाही तर तो यंत्रावर सापडणारा जीसीसीच उचलतो. दुसरा कंपायलर ठरवायला वेगळे खण आहेत. 'सीसी फॉर टार्गेट' हा सी भाषेसाठी, 'सीएक्सएक्स फॉर टार्गेट' हा सी प्लस प्लससाठी, आणि ते 'रनटेस्टफ्लॅग्ज' मधून चाचणी लावतानाच द्यावे लागतात. एकच भरला आणि दुसरा विसरला तर अर्ध्या चाचण्या एका कंपायलरवर, अर्ध्या दुसऱ्यावर. तक्रार कुणी करत नाही. सगळं हिरवंच दिसतं.

म्हणजे त्याचा अहवाल निराधार नव्हता. चाचण्या खरंच झाल्या होत्या, खरंच उत्तीर्ण झाल्या होत्या. फक्त त्या ज्या गोष्टीबद्दल होत्या ती वेगळी होती. काट्यावर टाकला तांदूळ आणि पावती केली गव्हाची.

त्याला हे कळलं कसं, ते सांगण्यासारखं आहे. चाचणीनंतर दोन फायली तयार होतात. जीडीबी-डॉट-सम या फायलीत नुसता निकाल, पास-फेलची यादी. जीडीबी-डॉट-लॉग या फायलीत सगळा संवाद, आणि प्रत्येक छोटा प्रोग्रॅम नेमक्या कुठल्या आज्ञेनं कंपाइल केला तीही ओळ. लॉग प्रचंड लांब, म्हणून कुणी वाचत नाही. यानं भलत्याच कारणासाठी उघडला आणि प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला नाव दिसलं जीसीसीचं. खात्रीची दुसरीही एक जागा आहे. कंपायलर आपल्या टिपणात स्वतःचं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवतो. या नोंदीला 'प्रोड्यूसर' म्हणतात. जीसीसी तर आपल्याला दिलेले फ्लॅगसुद्धा त्यात नोंदवतो. मला पोथ्या आठवल्या. पोथीच्या शेवटी लेखनिक आपलं नाव आणि शक लिहितो. पाठभेद निघाला की संपादक आधी तिथे बघतो.

तो म्हणाला, "सर, हिरवं दिसलं की शंकाच येत नाही." मी म्हटलं, अरे, हा तर कुमारिल भट्टांचा पक्ष! मीमांसक म्हणतात ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःच असतं. बाधक काही पुढे आलं नाही तोवर ते खरं धरायचं. रोजच्या व्यवहाराला हे ठीक आहे, नाहीतर आपण घराबाहेरही पडणार नाही. नैयायिक म्हणतात, नाही, प्रामाण्य बाहेरून तपासावं लागतं. मग नागार्जुन 'विग्रहव्यावर्तनी'त विचारतो, तपासणाऱ्याला कोण तपासणार? त्याला आणखी कोण? ही अनवस्था झाली. यावर न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तराजूचा दृष्टांत आहे. मला तो फार आवडतो. तराजूनं सोनं जोखतात, पण वजन ठाऊक असलेल्या सोन्यानं तराजूही जोखता येतो. एकच वस्तू एका वेळी प्रमाण, दुसऱ्या वेळी प्रमेय. फक्त त्या क्षणी कोण कुणाला तपासतंय हे ठरलेलं हवं. बाजारातल्या काट्याचंही तसंच आहे. वैधमापनवाले कार्यमानकानं काटा तपासतात, ते कार्यमानक दुय्यम मानकानं, दुय्यम मानक संदर्भ मानकानं.

तेव्हा डिबगर तपासताना कंपायलर स्थिर धरायचा, आणि कंपायलरचा संशय आला की डिबगर स्थिर धरून कंपायलर बदलायचा. दोन्ही एकदम बदलले तर निकालातून काही निष्पन्न होत नाही. अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो हाच. हे असताना ते घडतं, हे नसताना घडत नाही.

मग त्यानं खण नीट भरून पुन्हा चाचण्या लावल्या. ढीगभर फेल. त्याच्या वरिष्ठानं सुचवलं, "क्लँगमुळे होतंय ना? मग सगळ्यांना एक्सफेल लाव आणि मोकळा हो."

हा एक्सफेल काय आहे तिथे थोडं थांबू या, कारण सगळा नैतिक मामला तिथे आहे. जीडीबीच्या चाचण्यांत निकाल दोनच नसतात. फेल होणार हे आधीच ठाऊक असलेल्या निकालांना दोन वेगळी नावं आहेत. दोष भोवतालचा असेल, म्हणजे कंपायलरचा किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा, तर 'एक्सफेल'. दोष डिबगरचा स्वतःचा आहे, माहीत आहे, अजून दुरुस्त झालेला नाही, तर 'केफेल', आणि त्याबरोबर दोषाचा नोंदणी क्रमांक द्यायचा. पडद्यावर दोन्ही सारखेच निरुपद्रवी दिसतात. पण एकाचा अर्थ 'त्याचं चुकलं' आणि दुसऱ्याचा 'आमचं चुकलं'. ज्यांनी ही दोन नावं वेगळी ठेवली त्यांना मी मनातून नमस्कार केला. दोष मान्य करायला आपल्याकडे एक शब्द असतो आणि तो दुसऱ्यावर ढकलायलाही तोच शब्द वापरतात.

मुलानं ते केलं नाही. एकेक फेल उघडून बघायला बसला. काही उदाहरणं त्यानं मला कागदावर काढून दाखवली.

पहिलं. एका चाचणीच्या प्रोग्रॅममध्ये एक 'स्टॅटिक' खण जाहीर केलेला, पण पुढे कुठेच न वापरलेला. डिबगरला विचारलं, त्यात काय आहे? जीसीसीनं तो खण ठेवला होता, क्लँगनं टाकून दिला. डिबगर म्हणाला, असं नावच नाही. फेल. दोष कुणाचा? डिबगरचा नाही. क्लँगचाही नाही, कारण न वापरलेला खण ठेवलाच पाहिजे असं भाषेच्या नियमात कुठे आहे? दोष चाचणी लिहिणाऱ्याचा. त्यानं जीसीसीची सवय हाच नियम धरला. इथे एक्सफेल लावणंही अन्यायाचं. चाचणीच दुरुस्त करायची, तो खण कुठेतरी वापरायचा.

दुसरं. सी प्लस प्लसच्या एका वर्गाबद्दल विचारलं तर डिबगर म्हणतो, हा प्रकार अपुरा आहे. लिनक्सवर क्लँग टिपण आखडतं लिहितो. याचं पूर्ण वर्णन दुसऱ्या फायलीच्या टिपणात असेल असं धरून चालतो. 'स्टँडअलोन डिबग' हा फ्लॅग दिला की पूर्ण लिहितो. म्हणजे इथे दोषी कुणीच नाही, सेटिंग बदलली की निकाल बदलतो. मग अहवालात सेटिंग लिहायला हवी, बस.

तिसरं मात्र खरं निघालं. फंक्शनवर थांबायचं तर डिबगर अगदी पहिल्या सूचनेवर थांबत नाही. बाहेरून आलेल्या किमती आपापल्या खणांत ठेवून होईपर्यंत थोडा पुढे सरकतो. किती पुढे, हे ओळखायच्या खुणा जीसीसीच्या टिपणात एक, क्लँगच्या टिपणात दुसऱ्या. मूळ जीडीबी यासाठी काही ठिकाणी ती 'प्रोड्यूसर'ची नोंद वाचतो, बोलणारा कोण आहे हे बघून त्याच्या शब्दाचा अर्थ लावतो. यांच्या कंपनीच्या भरीत ही काळजी घेतलेली नव्हती. त्यामुळे क्लँगचा प्रोग्रॅम असला की डिबगर दोन पावलं आधी थांबायचा आणि किंमत विचारली की खणात आधीचा पडलेला कचरा बिनदिक्कत दाखवायचा. विचार करा, माहीत नाही असं म्हणाला असता तर चाललं असतं. कंपायलरनं वेगासाठी एखादा खण काढून टाकलेला असतो तेव्हा चांगला डिबगर 'ऑप्टिमाइज्ड आउट' असं छापतो, म्हणजे मला सांगता येत नाही. हे प्रामाणिक उत्तर. इथे मात्र आकडा येत होता, नीटनेटका, आणि चुकीचा. वरिष्ठाच्या सांगण्याप्रमाणे सरसकट एक्सफेल लावला असता तर हा दोष कायमचा क्लँगच्या नावावर खपला असता.

फ्लॅगांबद्दल थोडक्यात सांगतो. चाचण्यांचे प्रोग्रॅम साधारणपणे 'वजा ओ' चे फ्लॅग न देता, म्हणजे वेगासाठी काहीही न बदलता, बांधतात. 'वजा ओ टू' देऊन तोच संच चालवलात तर फेलचा पाऊस पडेल आणि त्यातले बहुतेक दोष नसतील. तरी कधीकधी चालवावा. ३२ बिटांसाठी बांधून बघायचं, टिपणाची आवृत्ती बदलून बघायचं, टिपण वेगळ्या फायलीत काढून बघायचं, अशा प्रत्येक प्रकारासाठी सेटिंगांची एक गठडी असते, तिला बोर्ड फाइल म्हणतात. आणि तुम्ही काही बदललं नाहीत तरी पायाखालची जमीन बदलते. जीसीसी ११, २०२१ साली आला, तो न सांगता ड्वॉर्फ पाच लिहायला लागला. आदल्या दिवशी पास, यंत्र अद्ययावत केलं, दुसऱ्या दिवशी फेल, आणि डिबगरला कुणी हातही लावलेला नाही. म्हणून अहवालात 'जीसीसी' एवढंच लिहून भागत नाही, आवृत्ती लागते.

एलएलडीबी नावाच्या डिबगरनं याउलट वाट धरली. तो क्लँगच्याच घरातला, म्हणून त्याच्या चाचण्या सहसा शेजारीच नुकत्या बांधलेल्या क्लँगवर चालतात, आणि तीच चाचणी टिपणाच्या वेगवेगळ्या प्रकारांवर आपोआप पुन्हा होते. सोय मोठी. पण घरच्याच तराजूवर घरचंच सोनं, ही शंका माझ्या मनात राहतेच. तिथेही बाहेरचा कंपायलर द्यायची सोय आहे, आणि अमुक कंपायलरच्या अमुक आवृत्तीखाली फेल होणं अपेक्षित, असं नेमकं लिहिता येतं. हा नेमकेपणा मला आवडला.

हे सगळं परदेशातलं नाही बरं का. पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीनं कितीतरी वर्षं हिताचीच्या, नंतर रेनेसासच्या, एसएच आणि एच८ या चिपांसाठी जीसीसी-जीडीबीचे संच बांधून मोफत दिले. तिथे गुंता आणखी. प्रोग्रॅम पुण्याच्या यंत्रावर बांधायचा, चालणार जपानी चिपवर. चिप हाताशी नसेल तर तिची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरवर. म्हणजे संशयितांत आणखी एकाची भर. आणि पवईला आयआयटीत प्रा. उदय खेडकर यांच्या जीसीसी रिसोर्स सेंटरनं कार्यशाळा घेतल्या, त्यांत मुलांना 'बिल्ड, होस्ट, टार्गेट' हा भेद शिकवला: कंपायलर कुठे बांधला जातो, कुठे चालतो आणि कुणासाठी भाषांतर करतो. तीन प्रश्न, उत्तरं तीन असू शकतात. आमच्या मुलाची चूक याच जातीची, दोन प्रश्नांना एकच उत्तर धरण्याची.

आता माझी गोष्ट, कारण त्या रात्री मी त्याला सल्ला द्यायला कचरत होतो त्याचं कारण ती आहे. फार वर्षांपूर्वी तर्कशास्त्राच्या पेपरात मी एक सिद्धता विचारली होती. माझ्याकडे नमुना उत्तर होतं, सात पायऱ्यांचं. एका मुलीनं चार पायऱ्यांत वेगळ्या वाटेनं ते सिद्ध केलं. जुळलं नाही, मी गुण कापले. अक्षरं जुळली नाहीत, फेल. गुण पाठवून झाल्यावर दोन दिवसांनी आंघोळ करताना लक्षात आलं की तिचं बरोबर होतं, उलट माझ्यापेक्षा नेटकं होतं. गुणपत्रिका बदलायची म्हणजे अर्ज, कारणं, प्राचार्यांपुढे उभं राहणं. मी गप्प बसलो. तिचा पहिला वर्ग थोडक्यात हुकला, हे नंतर कळलं. तिला मी कधी सांगितलं नाही.

ते मी त्या मुलाला सांगितलं. तो चहाचा कप ठेवून म्हणाला, "म्हणजे सांगूच."

(प्रश्नोत्तरांतून)

श्रोता: सर, अशी चूक होऊ नये म्हणून सेटिंग करताना नेमकं काय करावं?

त्यानं स्वतःसाठी लावलेली पद्धत सांगतो. चाचणी लावायच्या आधी एकच छोटी चाचणी चालवायची, आणि तिच्या लॉगमधली कंपाइलची आज्ञा डोळ्यांनी वाचायची. मग बांधलेल्या प्रोग्रॅममधली 'प्रोड्यूसर'ची नोंद काढून बघायची, सी साठी एक, सी प्लस प्लस साठी एक. आणि पहिल्यांदा मुद्दाम कंपायलरच्या खणात नसलेल्या फायलीचं नाव द्यायचं. सगळं कोसळलं पाहिजे. कोसळलं नाही आणि हिरवंच आलं, तर तुम्ही भरलेला खण कुणी वाचतच नाहीये.

श्रोता: त्या मुलाचं पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं. ग्राहकाला दुरुस्त अहवाल गेला. बोलणी खाल्ली, त्या वर्षीची पगारवाढ लांबली. तो थांबण्याच्या जागेचा दोष आधी केफेल म्हणून क्रमांकासह नोंदवला आणि महिन्याभरानं दुरुस्त केला. दुरुस्तीनंतर ती चाचणी 'केपास' आली, म्हणजे माहीत असलेला दोष आता दिसत नाही, खूण काढा. ती खूण त्यानं काढली. हल्ली तो संध्याकाळी निघताना दोन जीसीसी आणि दोन क्लँग अशा चौघांवर चाचण्या लावून येतो. सकाळी गाडीत मोबाइलवर लॉग वाचतो. अंधेरी येईपर्यंत होतो म्हणे वाचून, बसायला जागा मिळाली तर.